मधली रेघ

डॉक्टरांनी पडद्यावरचा बाण तिसऱ्यांदा त्याच जागी नेला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते काहीतरी शोधत आहेत आणि ते त्यांना सापडत नाही.

तोवर ते बोलत होते. हे हृदय, हे त्याचे चार कप्पे, ही मणक्यांची माळ, हे पाऊल. आई माझ्या उशाशी स्टुलावर बसून प्रत्येक वेळी "हां, हां" म्हणत होती, बाजारात कुणी एकेक भाजी उचलून दाखवावी तशी. मग ते डोक्याकडे आले आणि गप्प झाले. मला कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा उताणं, मग म्हणाले, बाहेर एक चक्कर मारा, गार पाणी प्या, बाळ हललं की बरं दिसेल. मी पाणी प्यायले, चक्कर मारली, परत येऊन पडले. बाण पुन्हा तिथेच गेला.

"शेवटची पाळी बारा नोव्हेंबर," ते कार्ड बघत म्हणाले. "तारीख पक्की आहे ना?"

"पक्की," मी म्हणाले.

आई शेजारी होती.

"सुरुवातीची सोनोग्राफी?"

"केली नाही. वडील गेले त्या सुमाराला. नाव चौथ्या महिन्यात नोंदवलं."

त्यांनी एका कोऱ्या कागदावर अक्रोडासारखं चित्र काढलं, दोन अर्धे आणि मध्ये एक जाड रेघ. मेंदूच्या या अर्ध्यातून त्या अर्ध्यात लाखो तंतू जातात, त्यांचा मिळून हा पूल होतो, त्याला कॉर्पस कॅलोझम म्हणतात, असं समजावलं. "वीस आठवड्यांना तो दिसायला हवा. मला दिसत नाही. नाहीच, असं मी म्हणत नाही. पण बाकीची मापंही मागे आहेत. डोकं, पोट, मांडीचं हाड, सगळंच अडीच आठवड्यांनी. एखादी अडाणी बाई असती तर मी म्हटलं असतं, तारीख चुकली असेल. तुम्ही कॉलेजात ग्रंथपाल आहात."

"लेकरू चालई ना, डॉक्टरसाहेब?" आईने विचारलं.

"काही मुलं अगदी नीट असतात, आजी. काहींना झटके येतात, काही उशिरा बोलतात. आधी सांगता येत नाही, हीच अडचण आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुरतला एमआरआय करून घ्या, चौदा तारखेला. ठेवायचं की नाही, हे चोवीस आठवड्यांच्या आत ठरवावं लागेल. त्यानंतर वैद्यकीय मंडळ, कागदपत्रं, फार त्रास. म्हणजे एकोणतीस एप्रिल धरून चाला."

एप्रिलची दोन तारीख होती.

नंदुरबारहून गावाकडे येणाऱ्या एसटीत आई खिडकीशी बसली. प्रकाशा गावाजवळचा पूल आला तेव्हा तिने तापीला हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. गावाचा फाटा जवळ आल्यावर म्हणाली, "तुन्हा बापले वाट सापडनी नही. म्हनीसन हाई व्हयनं."

ती कशाबद्दल बोलत होती ते मला माहीत होतं.

आप्पा, म्हणजे माझे वडील गिरधर पाटील, तीस नोव्हेंबरला गेले. त्याआधी दहा दिवस मी सुरतेच्या इस्पितळात त्यांच्याजवळ होते. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर एकोणतीसच्या संध्याकाळी त्यांना गावी आणलं आणि मधल्या खोलीत खाट टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात गेले तेव्हा पाळी आलेली दिसली. मागची येऊन अठराच दिवस झाले होते. मला ती एवढ्या लवकर कधीच येत नाही. झोप नाही, जेवण नाही, त्याने झालं असेल असं मी स्वतःला सांगितलं, सुती साडीचा तुकडा घेतला आणि बाहेर आले.

आमच्या घरी या दिवसांत बाई मागच्या पडवीत बसते. शिकलेली असो, छत्तीस वर्षांची असो. आप्पा असताना ते स्वतः पडवीत माझ्यासाठी खुर्ची आणि पुस्तकं आणून ठेवायचे, पण आईचा नियम त्यांनी मोडला नाही. मी त्या सकाळी खरं सांगितलं असतं तर मला पडवीत बसावं लागलं असतं आणि मधल्या खोलीत आप्पा गेले असते. मी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडात तापीचं पाणी मी घातलं. अंगावरचं शेवटचं पांघरूण मी ओढलं. मडकं चुलतभावाने धरलं; पण खाट होती त्या जागी तेरा दिवस जो दिवा तेवत ठेवायचा, त्याची वात आणि तेल माझ्याकडे आलं, कारण मी एकुलती एक. चार दिवस मी कपडे चोरून धुतले आणि वाड्यात, गुरांच्या गोठ्याशी, कडब्याखाली वाळवले.

दहाव्या दिवशी संध्याकाळी आईने त्या दिव्याशेजारी गव्हाचं पीठ बारीक चाळून पसरलं, हाताने सपाट केलं आणि वर टोपलं पालथं घातलं. सकाळी टोपलं उचलायचं आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पाखराचा पंजा दिसला तर जीव पाखरात गेला, सरपटल्याची रेघ दिसली तर तसला जन्म, लहान पाऊल दिसलं तर माणसाचा. आईने टोपलं उचललं. पीठ जसं पसरलं होतं तसंच होतं. काहीही नव्हतं. आई वाकून बघत राहिली, मग दिवा हातात घेऊन तिरप्या उजेडात बघितलं. शेजारच्या गुलाबबाई म्हणाल्या, "व्हस कधी कधी, जमनाबाई." आईने पीठ गोळा केलं आणि तेव्हापासून त्या गोष्टीबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती, एसटीतल्या त्या वाक्यापर्यंत.

चौथ्या महिन्यात नाव नोंदवायला गेले तेव्हाही आई बरोबर होती. शेवटची पाळी कधी, असं विचारल्यावर मी तिला माहीत असलेलीच, पडवीत बसले होते ती तारीख सांगितली, बारा नोव्हेंबर. खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलंही नाही. ते मधले चार दिवस मी स्वतःच्याही हिशोबातून काढून टाकले होते.

मी माहेरीच राहिले. नवरा, धीरज, शहाद्याला साखर कारखान्यात आहे. गाळप संपत आलं होतं, त्याला सुट्टी नव्हती. रोज दुपारी फोन करायचा. "वाचत बसू नकोस," म्हणायचा. "तू वाचतेस आणि मग मला सांगतेस, आणि मग मला वजनकाट्यावरची उसाची मोळी दिसत नाही."

पण मी वाचत होते. या विषयाचं मला अगदीच काही माहीत नव्हतं असं नाही. आप्पा तळोद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे, आणि मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी मला अंगणात डोळे बांधून उभं केलं होतं. रांगोळीने अंगणाच्या मधोमध एक रेघ ओढली. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला शेणाचा खड्डा. आई वरणाला हिंगाची फोडणी देत होती. "तू आता एक तंतू आहेस," आप्पा म्हणाले. "मज्जापेशीतून नुकता फुटलेला. तुला डोळे नाहीत. टोकाला फक्त एक पंजा आहे, त्याची बोटं पुढे करायची, चाचपायचं, मागे घ्यायची. वास चांगला आला तर तिकडे. घाण आली तर वळायचं. चल."

मी हात पुढे करून निघाले. एकदा शेणखड्ड्याकडे भरकटले आणि वळले. पायाखाली रांगोळी लागली तेव्हा त्यांनी थांबवलं. "ही मधली रेघ. इथपर्यंत तुला रेघेनेच बोलावलं. आता ओलांडलीस की तिची हाक तुला ऐकू येणार नाही. उलट तिचा वास नकोसा होईल. म्हणून तंतू एकदा पलीकडे गेला की परत फिरत नाही."

"आणि ओलांडलीच नाही तर?"

"मंग काय? मंग जेवाले भेटाव नही," आई आतून ओरडली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर आप्पांनी त्या दिवशी दिलं नव्हतं. ते मला आता मोबाइलच्या पडद्यावर मिळालं. मेंदूच्या दोन अर्ध्यांमध्ये आधी काही पेशी जाऊन आधार बांधतात. मग थोडे पहिले तंतू पलीकडे जातात, आणि बाकीचे लाखो त्यांना बिलगून जातात. तो आधार नसेल, किंवा पहिल्यांची वाट चुकली, तर मागचे थांबत नाहीत. ते वाढतच राहतात. मधल्या रेघेपाशी येतात, पलीकडे जाता येत नाही, म्हणून वळतात आणि अलीकडेच गुंडाळी होत होत त्यांचा एक जाड जुडगा तयार होतो.

हे वाचल्यावर मी मोबाइल उपडा ठेवला. दुपारचे तीन वाजले होते. केळीच्या बागेतून पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता. पोटात आत काहीतरी बारीक फडफडलं आणि मला आनंद झाला नाही. मला वाटलं, ते येतायत, आत्ता या क्षणी येतायत, बोटं पुढे करून, आणि रेघेशी येऊन वळतायत. मला काहीच करता येत नव्हतं. मी श्वाससुद्धा हळू घेऊ लागले, जणू माझ्या हलण्याने त्यांची वाट चुकणार होती. दोन दिवस मी जिना चढले नाही. रात्री कूस बदलायची भीती वाटायची, म्हणून एकाच कुशीवर पडून राहायची आणि सकाळी हात बधिर झालेला असायचा.

आई बघत होती. तिचीही भीती चालू होती, पण ती तिच्या वाटेने. मला खायला घालताना ती माझ्याकडे बघायची आणि लगेच मधल्या खोलीतल्या त्या जागेकडे.

सहा तारखेला मी आप्पांच्या वह्या काढल्या. त्या घरात नव्हत्या. गोठ्याशेजारच्या खोलीत होत्या. तिथे आप्पांचं अंड्यांचं कपाट असायचं, म्हणजे पत्र्याची पेटी, आत बल्ब, पाण्याची वाटी आणि थर्मामीटर. आमच्या घरात अंडं चालत नाही. आप्पांनी पहिल्यांदा अंडी आणली तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली होती, "आंडा उंबराना आत उनात ते मी माहेरले जासू." आप्पा म्हणाले, "जाय. पन जातांना बल्ब चालू शे का तेवढं दखी जाय." म्हणून पेटी गोठ्याशेजारी गेली. कॉलेजातलं काम सुट्टीत घरी करायचे तेव्हा ती वापरायचे. कवचाला बोटाएवढी खिडकी पाडायची, वर पारदर्शक पट्टी चिकटवायची, आणि रोज एक अंडं उघडून मुलांना दाखवायचं: आज हृदय, आज डोळा, आज पंखाचा अंकुर, आणि त्या अंकुरात पाठीच्या कण्यातून शिरणारे तंतू, ते मात्र रंगवलेल्या काचपट्टीवर. दुकानातली अंडी यासाठी चालत नाहीत, त्यांच्यात जीव नसतो. घरच्या कोंबड्यांची अंडी प्रयोगशाळेतले परिचर वाहरू आणून द्यायचे. ते अक्कलकुव्याकडच्या डोंगरातले पावरा आदिवासी. अंडी कॉलेजातल्या पेटीत कधी ठेवली ती तारीख तेच पेन्सिलीने कवचावर लिहायचे.

मी पंख्याखाली बसून वह्या चाळल्या. मला काय हवं होतं ते नीट सांगता येणार नाही. त्यांचं अक्षर हवं होतं, बहुधा. एका वहीत मार्चची पानं होती.

"दिवस ५. क्र. ३ उघडले. पंखाचा अंकुर नाही. डोळ्यात रंग नाही. विकृती? उष्णता कमी पडली काय?"

खाली: "क्र. ४ तसेच. क्र. ५ तसेच. मुलांना काय सांगावे?"

खाली, दुसऱ्या दिवसाचं: "क्र. ६. तेच. सगळी सारखीच मागे. बिघडलेले असते तर प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने बिघडले असते."

आणि मग लाल शाईने: "विकृती नाही. तारीख चूक. वाहरू होळीला काठी गावी गेला होता. दोन रात्री नाचून तिसऱ्या दिवशी आला, अंडी तेव्हा ठेवली, आणि मी सांगितलेली तारीख कवचावर लिहिली. मला भिऊन. त्याला रागावलो नाही. पहिला दिवस खरा नसेल तर मागे राहिलेले आणि बिघडलेले यांतला फरक कळत नाही, हे वर्गात सांगणे. आणि त्याने मला भ्यावे अशी वेळ आली, ही चूक माझी."

मी ते पान दोनदा वाचलं. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि तीस नोव्हेंबरपासून बोटाने आठवडे मोजले. दोन एप्रिलला सतरा आठवडे आणि चार दिवस. डोकं, पोट, मांडीचं हाड, सगळंच अडीच आठवड्यांनी मागे. सगळी सारखीच मागे.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. मला सुरतेची चौदा तारीख दिसली. तिथे ते पावणेबावीस आठवड्यांचा म्हणून ज्याचा मेंदू बघतील, तो एकोणीस आठवड्यांचा असेल. तिथेही पूल दिसला नसता. मग एकोणतीसच्या आत आम्ही काहीतरी ठरवलं असतं, एका खोट्या तारखेवर. मी वही पोटाशी धरून खाली बसले.

आणि दुसरी भीतीही होतीच. घाबरलेल्या माणसाला जे हवं ते सापडतं. कशावरून तारखेचीच चूक? तारीखही चुकलेली आणि पूलही नाही, असं का नसेल?

आई ओट्यावर गहू निवडत होती. मी फोन घेऊन मागच्या दाराने बाहेर जाणार होते. डॉक्टरांना एकटीने सांगितलं असतं तर काम झालं असतं. आईला कळायची गरज नव्हती. पण तिने मला बघितलं आणि हाक मारली.

"बठ. तुले सांगनं शे." सूप मांडीवर ठेवून म्हणाली, "प्रकाशाले महाराजले इचारं मी. विधी करनं पडी. आनि तोपर्यंत मी एकच टाइम खासू."

"कसाले वं माय? तुले शुगर शे."

"मन्हीच चूक शे ती." ती गव्हातले खडे बघत होती. "नवव्या दिनले मी दिवाजोडे बठेल व्हतू. मन्हा डोया लागी गया. किती टाइम, माले समजनं नही. तवाच काही व्हयनं. दिवाले सोबत नही ऱ्हायनी, म्हनीसन त्यासले वाट दिखनी नही. मन्हा नातूले बी..." तिने वाक्य सोडून दिलं. तिचा चेहरा मी आप्पा गेले त्या दिवशीही इतका घाबरलेला बघितला नव्हता. चार महिने ती हे घेऊन बसली होती.

मी वही ओट्यावर ठेवली.

"माय, तुन्ही काही चूक नही. आप्पा गयात त्या दिनले माले अडचन येल व्हती. सकायले."

सुपातला तिचा हात थांबला.

"कोन दिनले?"

"तीस तारीखले. मी सांगं नही."

"आनि पानी तू पाजं."

"हां."

"दिवामा तेल."

"मीच."

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ती सूप फेकेल, किंवा रडेल, आणि दोन्हीपैकी काहीही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी भराभरा सांगत सुटले: डॉक्टरांना दिलेली तारीख, अंडी, वाहरू, होळी, सगळं उलटसुलट. ती ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. मी थांबल्यावर तिने विचारलं, "मंग लेकरू कितला दिननं लहान शे?"

"अठरा."

"डॉक्टरले फोन लाव."

ती शेजारी बसून राहिली. फोन लागल्यावर मी डॉक्टरांना तारीख सांगितली.

"मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"मग?"

"आई शेजारी होती."

त्यांनी पुढे विचारलं नाही. कागद चाळल्याचा आवाज आला. "मापं बसतात," ते म्हणाले. "पण पुलाचं मी काही सांगणार नाही. सतराव्या-अठराव्या आठवड्यात तो कुणाचाच धड दिसत नाही. म्हणजे माझ्याकडे आत्ता उत्तरच नाही, असं धरा. सुरत रद्द करा. पंचवीसला या."

धीरजला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटत होतं. त्या तारखेने दिवस नोव्हेंबरच्या शेवटी राहायला हवेत, आणि तेव्हा तू सुरतला, मी इथे. म्हटलं, बायकांच्या मोजण्याची पद्धत काही वेगळी असते, आपण कशाला बोला."

"बोलायचंस ना!"

"तू ग्रंथपाल आहेस," तो म्हणाला. "तुझी तारीख चुकेल असं कुणाला वाटणार?"

आईने विधी रद्द केला नाही आणि केलाही नाही. त्याचा विषयच काढला नाही. माझ्याशीही ती बोलली नाही. ताट वाढायची, औषधाची गोळी पाण्याजवळ ठेवायची, संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावायची, सगळं न बोलता. दुपारी मधल्या खोलीत त्या जागेपाशी फरशीवर बसून राहायची. मी दारातून बघायची आणि मागे फिरायची. पुलाची भीती होतीच, ती रोज सकाळी माझ्याआधी जागी असायची. तिच्या जोडीला आता ही होती की मी आईकडून काहीतरी काढून घेतलंय. आप्पांनी वहीत लिहून ठेवलं होतं की वाहरूंना ते रागावले नाहीत. पण ते आप्पा होते. आणि अंडी कुणाच्या बापाची वाट अडवून बसली नव्हती.

या अबोल्याच्या अकराव्या दिवशी मी केळीला बांध घालणाऱ्या गड्यांसाठी चहा टाकत होते. आई मागे येऊन उभी राहिली.

"तेल तूच टाके ना? तेरा दिन?"

"हां."

"पहिला चार दिनबी?"

"हां, माय."

"एकदाबी विझना नही तो." ती शेगडीकडे बघत होती. "हवा व्हती, दार उघडं व्हतं. मन्हा डोया लागना तवाबी नही विझना." थोड्या वेळाने म्हणाली, "त्यासले चालनं व्हई."

मी काही बोलायच्या आत तिने गॅस बारीक केला. "ध्यान कोठे शे तुन्हं? चहा उतू जाई ऱ्हायना."

पंचवीसला धीरज सुट्टी काढून आला. दवाखान्यात आत एकालाच येऊ देत होते; तो बाहेर बसला आणि आईला आत पाठवलं. माझ्या पोटावर गार जेल पडलं. मी छताकडे बघत राहिले. पडदा बघायचा नाही असं मी एसटीतच ठरवलं होतं. डॉक्टर पहिल्यांदा डोक्याकडेच गेले. यंत्राचं बटण एकदा वाजलं, पुन्हा वाजलं. मी मनात म्हणत होते, बोटं पुढे करा, चाचपा, हिंगाचा वास घ्या, चला. छत्तीस वर्षांची बाई, दवाखान्याच्या खाटेवर.

"डावीकडे वळा."

मी वळले. हात बधिर झाला होता की मीच तो दाबून धरला होता, कळत नव्हतं.

"उताण्या व्हा."

आई स्टुलावरून उठून पडद्याजवळ गेली होती. तिचा चष्मा काचेला टेकेल इतकी जवळ. "हाई ते चाळेल पीठनागत दिखस," ती स्वतःशीच म्हणाली.

"आजी, थोडं मागे," डॉक्टर म्हणाले. मग बाण एका जागी थांबला. या वेळी तो हलला नाही. "हं. हे बघा."

मी बघितलं. करड्या, दाणेदार उजेडात एक काळसर वाकडी रेघ होती, नखाएवढी, नुकत्या चंद्रासारखी कललेली, आणि तिच्या वरच्या कडेने एक पांढरा धागा.

"पूल?" मी विचारलं.

"पूल. बारीक आहे, पण पुढून मागपर्यंत आहे. मापंही बरोबर वीस आठवडे सहा दिवसांची. मी आत्ता एवढंच सांगतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा बघू, बाळ जन्मल्यावरही बघू. पुढे सगळं छान असेल, असं मी लिहून देत नाही."

"नका देऊ," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते थांबवायचा मी प्रयत्न करत नव्हते. भीती गेली नव्हती. ती अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत पुढे सरकली होती, हे मला तिथे पडल्या पडल्याच कळलं. लाखो तंतू, आणि प्रत्येकाला आपापली जागा. त्यातले किती पलीकडे गेले ते कोण मोजणार?

डॉक्टरांनी बाण खाली नेला. मांडीचं हाड मोजलं. मग चित्र सरकलं आणि पडदाभर एक पाऊल आलं, तळवा आमच्याकडे, पाची बोटं सुटी सुटी, कुणीतरी काचेवर आतून टेकवल्यासारखं.

आई वाकली. पिठावर वाकली होती तशी. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, डॉक्टरही थांबले. मी तिला म्हणू शकले असते की माय, हे ध्वनीच्या लहरींचं चित्र आहे, आणि वीस आठवड्यांच्या प्रत्येक बाळाचं पाऊल असंच दिसतं, दोन तारखेलाही दिसलं होतं. मी काही म्हणाले नाही.

"कागद निघतो का ह्याचा?" आईने डॉक्टरांना विचारलं. शाळेतल्या मराठीत, नीट, एकेक शब्द मोजून.

"निघतो, आजी."

"काढा मग."

यंत्रातून चकचकीत कागदाची पट्टी बाहेर आली. आईने ती घडी न घालता पदराच्या टोकात धरली आणि बाहेर धीरजकडे गेली. मी जेल पुसत होते. दारातून तिचा आवाज ऐकू आला.

"पाय शे. दख. आनि डोकं बी ठीक शे म्हनतस."